अंटार्क्टिकात तेल सांडले तर खर्च कोणी द्यायचा आणि दावा कोणी लावायचा?

आसनाकाठ (नांदेड) यांचा प्रश्न

नमस्कार.

मी नांदेडला विधी शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकते आहे आणि पर्यावरण कायद्याच्या लघुप्रबंधासाठी ध्रुवीय प्रदेशातील हानीची जबाबदारी हा विषय घेतला आहे. गोदावरी दाराशी असताना इतक्या लांब कशाला जाता, असे मार्गदर्शक सरांनी विचारलेच. परंतु दिल्लीच्या ओलियम गळतीचा निकाल आणि राजस्थानातील बिछडीचा निकाल अभ्यासताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. या दोन्ही प्रकरणांत बाधित माणसे होती, त्यांची घरे, जमिनी किंवा विहिरी होत्या आणि त्यांचे गाऱ्हाणे ऐकणारे न्यायालय होते. अंटार्क्टिकात स्थानिक रहिवासी नाहीत, कोणाच्याही नावे जमीन नाही आणि १९५९ च्या अंटार्क्टिक कराराच्या चौथ्या कलमाने देशांचे प्रदेशावरील दावेही गोठवून ठेवले आहेत. अशा ठिकाणी हानी झाली, तर ती नेमकी कोणाची झाली असे कायदा धरतो?

चर्चा मोघम होऊ नये म्हणून एक कल्पित उदाहरण मांडते. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या एका पर्यटन कंपनीने परदेशी जहाज भाड्याने घेऊन प्रवासी अंटार्क्टिकाला नेले. जहाज खडकावर आदळले आणि इंधन समुद्रात गेले. कंपनी हातावर हात ठेवून बसली, तेव्हा जवळच्या एका परक्या देशाच्या संशोधन स्थानकावरील लोकांनी आपली साधने आणून तेल अडवले. आता त्या देशाने खर्च कोणाकडे मागायचा, कोणत्या न्यायालयात मागायचा, आणि पेंग्विनांचे व समुद्राचे जे नुकसान झाले त्याचे पैसे कोणाला मिळणार? अंटार्क्टिक कराराला जोडलेल्या, पर्यावरणरक्षणासाठीच्या माद्रिद प्रोटोकॉलचे दायित्वाविषयीचे सहावे परिशिष्ट २००५ साली स्वीकारले गेले असूनही अद्याप अंमलात आलेले नाही, एवढे मला वाचून समजले आहे. मग आजच्या घडीला या प्रश्नांना काही उत्तर आहे की नाही?

खंडपीठ-परिसर (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर

आपल्या उदाहरणात कंपनी भारतीय आहे, जहाज परकीय आहे आणि मदतीला धावून गेलेले लोक तिसऱ्याच देशाचे आहेत. या तिघांची सरमिसळ न करता विचार केला, तर परिशिष्टाची रचना बरीच सोपी वाटते. ते अंमलात आहे असे क्षणभर गृहीत धरून आधी लिहितो आणि आजच्या स्थितीकडे नंतर येतो.

परिशिष्ट जहाजमालकाकडे पाहत नाही, 'ऑपरेटर'कडे पाहते. ऑपरेटर म्हणजे करारक्षेत्रात, अर्थात ६० अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली, करावयाच्या कार्याचे आयोजन करणारी व्यक्ती किंवा संस्था, मग ती सरकारी असो वा खासगी. आयोजन ज्या देशाच्या भूमीवर झाले आणि परवानगी ज्या देशाने दिली, त्या देशाचा तो ऑपरेटर ठरतो. आपली कंपनी भारतात आयोजन करून भारताच्याच परवान्यावर गेली असेल, तर जहाजावर कोणाचाही झेंडा असला तरी ती भारताची ऑपरेटर होय. पर्यावरणीय आणीबाणी उद्भवताच तत्काळ आणि परिणामकारक प्रतिसाद देणे हे तिचे पहिले कर्तव्य आहे. ते तिने केले नाही आणि दुसऱ्या सदस्य देशाने केले, तर त्या देशाला झालेला खर्च तिने द्यायचा. येथे दोष सिद्ध करावा लागत नाही. निष्काळजीपणा झाला की नाही, कप्तान झोपला होता की जागा होता, हे प्रश्न त्या टप्प्यावर गैरलागू ठरतात.

आपल्या मुख्य शंकेचे उत्तर मात्र आपल्याला आवडणार नाही. हे परिशिष्ट प्रतिसादाचा खर्च वसूल करून देते, पर्यावरणाच्या हानीची भरपाई देत नाही. तेल अडवण्याचा, पसरू न देण्याचा, शक्य तेथे साफसफाईचा आणि आणीबाणीची व्याप्ती तपासण्याचा खर्च त्यात येतो. मेलेल्या पेंग्विनाची किंमत येत नाही. कोणीच प्रतिसाद दिला नाही, तर 'जो प्रतिसाद द्यायला हवा होता त्याचा खर्च' शक्य तितका अचूक काढून ऑपरेटरकडून घेण्याची तरतूद आहे, आणि सरकारी ऑपरेटर असेल तर ती रक्कम परिशिष्टाने निर्माण केलेल्या निधीत जाते. माझ्या मते संपूर्ण परिशिष्टातील सर्वांत धारदार तरतूद हीच आहे. ती नसती तर अपघातानंतर स्वस्थ बसून राहणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग ठरला असता.

दावा करण्याचा अधिकारही फार थोड्यांना आहे. खासगी ऑपरेटरविरुद्ध दावा करू शकतो तो केवळ प्रतिसाद दिलेला सदस्य देश, आणि तोही ऑपरेटरची नोंदणी, मुख्य कार्यालय किंवा वास्तव्य जेथे असेल अशा एकाच देशाच्या न्यायालयात. स्वयंसेवी संस्था, संशोधक किंवा आपल्यासारखा जागरूक नागरिक यांना तेथे प्रवेश नाही. लोकहित याचिकेची सवय झालेल्या आपल्या मनाला हे खटकते, आणि खटकावेच. म्हणजे आपल्या उदाहरणातील परक्या देशाला महाराष्ट्रातल्या कंपनीविरुद्ध भारतातच यावे लागेल. प्रतिसाद सुरू झाल्यापासून, किंवा ऑपरेटर कोण हे कळल्यापासून अथवा कळायला हवे होते तेव्हापासून, यांपैकी जे नंतरचे असेल त्यापासून ३ वर्षांत दावा करावा लागतो, आणि कोणत्याही परिस्थितीत प्रतिसाद सुरू झाल्यापासून १५ वर्षांनंतर तो चालत नाही. सरकारी ऑपरेटरचे प्रकरण असे न्यायालयात येत नाही, ते देशादेशांतील वादनिवारणाच्या मार्गाने जाते.

रकमेला मर्यादा आहे. तिचे परिमाण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे विशेष आहरण अधिकार, अर्थात एसडीआर, हे आहे, आणि एका एसडीआरची किंमत सवा ते दीड डॉलरच्या दरम्यान असते. जहाजाशी संबंध नसलेल्या घटनेसाठी ३० लाख एसडीआर ही कमाल रक्कम आहे. जहाजाच्या बाबतीत २,००० टनांपर्यंत १० लाख एसडीआर, त्यापुढे ३०,००० टनांपर्यंत दर टनामागे ४०० एसडीआर, आणि मग टनेज वाढेल तसा दर उतरत जातो. आपले जहाज १०,००० टनांचे धरले, तर मर्यादा ४२ लाख एसडीआर येते. हेतुपुरस्सर, किंवा परिणाम बहुधा काय होतील हे ठाऊक असूनही बेपर्वाईने केलेल्या कृत्याला ही मर्यादा लागू नाही.

आता आजची स्थिती. २००५ साली स्टॉकहोमच्या बैठकीत परिशिष्ट स्वीकारले, त्या वेळच्या सर्व सल्लागार देशांनी, म्हणजे कराराच्या बैठकांत निर्णयाचा अधिकार असलेल्या देशांनी, मान्यता दिल्याशिवाय ते अंमलात येत नाही, आणि ती सर्वांची मान्यता अद्याप पूर्ण झालेली नाही. परंतु म्हणून पोकळीच आहे असे समजू नये. माद्रिद प्रोटोकॉल १४ जानेवारी १९९८ पासून अंमलात आहे, आणि त्याच्या १५ व्या कलमानेच आणीबाणीत तत्काळ प्रतिसाद देण्याची व त्यासाठी आगाऊ आराखडे तयार ठेवण्याची जबाबदारी देशांवर टाकली आहे. आपल्याकडे त्याच्या जोडीला भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, २०२२ आहे. या कायद्याने परवाना देणारी समिती पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखाली नेमली, स्वतंत्र निधी उभारला आणि गुन्ह्यांसाठी विनिर्दिष्ट न्यायालयाची तरतूद केली. परवान्याशिवाय खनिजांसाठी उत्खनन करणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत कारावास आणि १० ते ५० लाख रुपये दंड आहे. अणुस्फोटासाठी किमान २० वर्षांचा कारावास आणि किमान ५० कोटी रुपये दंड आहे. अणुस्फोटाच्या शिक्षेची बातमी होते. प्रत्यक्षात मात्र अंटार्क्टिकाला भीती आहे ती डिझेलच्या पिंपाची.

हिमवाट (बीड) यांचे उत्तर

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला आहे, त्यात मी भर घालू शकत नाही. मी सैन्यातून निवृत्त झालेला वाहन यंत्रज्ञ आहे आणि भारतीय मोहिमेसोबत मैत्री स्थानकावर हिवाळा काढला आहे. 'तत्काळ आणि परिणामकारक प्रतिसाद' हे शब्द कागदावर वाचायला सोपे आहेत. तेथे ते कसे दिसतात एवढेच सांगतो.

मैत्री हे स्थानक समुद्राकाठी नाही. जहाज ज्या बर्फकड्याला लागते तेथून ते सुमारे १०० किलोमीटर आत, शिरमाखर नावाच्या खडकाळ उघड्या पट्ट्यात आहे. इंधन उन्हाळ्यात जहाजाने येते आणि पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांमागे लांबलचक घसरगाड्या जोडून आत नेले जाते. गळतीचा धोका मोठ्या अपघातापेक्षा या रोजच्या हाताळणीत अधिक असतो. कडाक्याच्या थंडीत नळीच्या जोडावरचे रबरी वायसर दगडासारखे कडक होते आणि जोड वरून घट्ट दिसत असला तरी थेंब थेंब सुरू होतो. हात जाड मोज्यांत असल्याने ओल जाणवत नाही. वाऱ्याने उडालेला भुसभुशीत बर्फ काही मिनिटांत त्या जागेवर पांघरूण घालतो, त्यामुळे डाग दिसतही नाही, आणि गळती सापडते ती वासाने. म्हणून पिंपातून इंधन काढताना खाली तसराळे ठेवल्याशिवाय हातपंपाला हात लावायचा नाही, आणि शोषक पट्ट्यांचा गठ्ठा व फावडे जवळ असल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, ही शिस्त आम्हाला पहिल्या दिवसापासून लावली गेली होती. तेल लागलेला बर्फ फावड्याने उचलून रिकाम्या पिंपात भरायचा, पिंपावर खूण करायची आणि जहाज येईल तेव्हा ते परत पाठवायचे.

हा खटाटोप कशासाठी, असे नवीन माणूस विचारतो. डिझेल बर्फातून झिरपत खाली जाते आणि तेथेच बसून राहते. थंडीत ते उडून जात नाही आणि जंतूही त्याला लवकर खात नाहीत. उन्हाळ्यात बर्फ वितळू लागला की ते पाण्यासोबत उताराला लागते. मैत्रीच्या उताराला प्रियदर्शिनी तलाव आहे आणि स्थानकाचे पिण्याचे पाणी त्याच तलावातून येते. मराठवाड्याच्या माणसाला पिण्याच्या पाण्याविषयी वेगळे काही सांगण्याची गरज नसावी.

प्रश्नातील जवळच्या परक्या स्थानकाविषयीही एक सांगतो. तेथे दुसऱ्या देशाचे स्थानक 'जवळ' आहे याचा अर्थ हवामान चांगले असेल तर जवळ, एवढाच घ्यावा. हिमवादळ सुरू झाले की स्वतःच्या स्थानकाच्या दारापासून जनित्राच्या खोलीपर्यंत दोर धरून जावे लागते. हिवाळ्यात तर जहाजही येत नाही. आपल्या उदाहरणातील कंपनी प्रतिसाद देणार असेल, तर तो जहाजावर सोबत नेलेल्या साधनांनीच द्यावा लागेल. अपघात झाल्यावर मुंबईहून साधने मागवता येत नाहीत.

पूर्णाकाठचा भूगोल (परभणी) यांचे उत्तर

प्रश्नकर्तींच्या लघुप्रबंधाचे शीर्षक 'ध्रुवीय प्रदेश' असे असेल, तर उत्तर ध्रुवाकडेही पाहावे लागेल, कारण तेथे चित्र नेमके उलट आहे. दक्षिणेला भूमीभोवती समुद्र आहे आणि भूमी कोणाच्याही मालकीची धरलेली नाही. उत्तरेला समुद्राभोवती देश आहेत आणि त्या देशांचे कायदे, न्यायालये व दंड आहेत. २९ मे २०२० रोजी रशियातील नोरिल्स्क येथील औष्णिक वीजकेंद्राची इंधनटाकी फुटून सुमारे २१ हजार टन डिझेल सांडले आणि त्यातील मोठा भाग अंबारनाया नदीत गेला. टाकीखालची कायमगोठित जमीन खचल्याचे कारण कंपनीने पुढे केले. रशियाच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १४६ अब्ज रूबल, म्हणजे जवळपास २ अब्ज डॉलर, भरपाई ठरवली आणि ती भरलीही गेली. वकीलसाहेबांनी दिलेला ३० लाख एसडीआरचा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहावा. फरकाचे कारण सांडलेल्या तेलापेक्षा त्या नदीला मालक देश होता या गोष्टीत अधिक आहे.

तरीही देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या प्रतिसादाच्या खर्चावर उत्तरेचा करारही हात राखूनच आहे. आर्क्टिक परिषदेच्या ८ देशांनी १५ मे २०१३ रोजी स्वीडनमधील किरुना येथे सागरी तेलप्रदूषणाविषयी करार केला आणि तो २०१६ पासून अंमलात आहे. त्यानुसार एका देशाने विनंती करून मदत मागितली, तर मदतीचा खर्च विनंती करणाऱ्याने द्यायचा. मात्र कोणी आपण होऊन धावून गेला, तर खर्च धावणाऱ्याचाच. प्रदूषण करणाऱ्या कंपनीने किती द्यायचे हा विषय तो करार त्या त्या देशाच्या व आंतरराष्ट्रीय कायद्यांवर सोडतो. अंटार्क्टिकाचे सहावे परिशिष्ट आपण होऊन धावलेल्यालाही खर्च मिळवून देते, हे पाहता कागदावर तरी दक्षिण पुढे आहे.

लघुप्रबंधात वापरता येईल असे आणखी एक जुने प्रकरण सुचवतो. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडाच्या वायव्य प्रदेशांतील गोठलेल्या, जवळपास निर्मनुष्य भागावर कोसळला. कॅनडाने अंतराळ वस्तूंविषयीच्या १९७२ च्या दायित्व कराराच्या आधारे ६० लाखांहून थोडे अधिक कॅनेडियन डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. मागणी कशाची होती, तर किरणोत्सारी तुकडे शोधण्याची, उचलण्याची आणि जागा स्वच्छ करण्याची. तेथेही अखेर हिशेब मांडला गेला तो प्रतिसादाच्या खर्चाचाच.

आसनाकाठ (नांदेड)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. हिमवाट काकांनी तलावाचा उल्लेख केल्यामुळे 'परिणामकारक' या शब्दाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते आहे.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी, की प्रत्यक्ष घडलेल्या अपघातांना परिशिष्टाचे नियम लावून पाहिले तर काय निघते? १९८९ चे बाहिया पाराइसो आणि २००७ चे एक्सप्लोरर ही दोन जहाजे मी निवडली आहेत. दुसरी अशी, की पर्यावरणाच्या निखळ हानीचे मोल काढताच येत नाही असे आंतरराष्ट्रीय कायद्याचे म्हणणे आहे का, की अंटार्क्टिकापुरतीच ही अडचण आहे?

खंडपीठ-परिसर (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर

दुसरी शंका आधी घेतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१८ रोजी कोस्टा रिका विरुद्ध निकाराग्वा या प्रकरणात पर्यावरणाच्या हानीची भरपाई देशाला मागता येते असे स्पष्ट केले. पाणथळ भागातील झाडे तोडून कालवे खणल्याबद्दल एकूण ३,७८,८९०.५९ अमेरिकी डॉलर देवविले, आणि त्यातील १,२०,००० डॉलर निव्वळ पर्यावरणीय वस्तू व सेवांच्या ऱ्हासासाठी होते. तेव्हा मोल काढता येते. परंतु ती पाणथळ जमीन कोस्टा रिकाची होती. अंटार्क्टिकात तेच गणित मांडले तर रक्कम घेणारा हात कोणाचा, येथे गाडे अडते. माद्रिद प्रोटोकॉलच्या १६ व्या कलमाने 'हानीच्या' दायित्वाचे नियम करण्याचे वचन दिले होते, त्यावर १९९३ पासून कायदेतज्ज्ञांचा गट बसला, आणि इतक्या वाटाघाटींनंतर २००५ मध्ये हाती आला तो आणीबाणीपुरता नियम. हळूहळू होणारे प्रदूषण, जसे सांडपाणी किंवा वर्षानुवर्षे साचलेला भंगार कचरा, त्यात येत नाही. आपल्या प्रबंधाचा टीकेचा भाग येथे उभा राहू शकतो.

आता जहाजे. बाहिया पाराइसो हे अर्जेंटिनाच्या नौदलाचे रसद पुरवणारे जहाज २८ जानेवारी १९८९ रोजी अमेरिकेच्या पामर स्थानकाजवळ खडकावर चढले आणि सुमारे ६ लाख लिटर डिझेल व इतर तेल सांडले. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची जी पहिली आगगाडी आली तिच्यात १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते, त्याहून हे अधिक झाले. जहाजावर पर्यटकही होते. परिशिष्ट तेव्हा असते, तर ऑपरेटर सरकारी असल्याने अमेरिकेला न्यायालयात जाता आले नसते, दोन सरकारांमध्येच प्रश्न सुटला असता. जहाजाच्या टाक्यांत उरलेले इंधन काढण्याचे काम १९९२-९३ च्या सुमारास अर्जेंटिना आणि नेदरलँड्स यांनी मिळून केले. एवढ्या उशिराने केलेल्या कामाला 'तत्काळ' म्हणायचे का, याचे उत्तर आपणच प्रबंधात द्यावे.

एक्सप्लोरर हे अधिक अवघड प्रकरण आहे. ते पर्यटक जहाज २३ नोव्हेंबर २००७ रोजी ब्रॅन्सफील्ड सामुद्रधुनीत बर्फाने भोक पडून बुडाले. जहाजावरील सर्व १५४ जणांना नॉर्डनॉर्गे या दुसऱ्या जहाजाने वाचवले. इंधनासह जहाज हजार मीटरहून अधिक खोल गेले. येथे दोन तरतुदी विचारात येतात. माणसांचे प्राण वाचवण्यासाठी आवश्यक असलेल्या कृतीमुळे किंवा वर्जनामुळे, म्हणजे काही न करण्यामुळे, आणीबाणी ओढवली असेल तर ऑपरेटर सुटतो. पण येथे आणीबाणी भोक पडल्याने ओढवली, प्रवासी उतरवल्याने नव्हे, म्हणून ही सूट सरसकट लागू होईल असे मला वाटत नाही. दुसरी तरतूद प्रतिसादाच्या व्याख्येतच आहे, आणि ती 'वाजवी' उपाययोजना एवढीच अपेक्षा ठेवते. वाजवीपणा ठरवताना माणसांना असलेला धोका, तांत्रिक व आर्थिक शक्यता आणि निसर्गाचा स्वतःहून सावरण्याचा वेग हे सारे पाहावे लागते. हजार मीटर खोलीवरून इंधन काढणे वाजवी ठरले नाही, तर 'द्यायला हवा होता तो प्रतिसाद' फार तर पृष्ठभागावरील तवंगावर लक्ष ठेवण्यापुरता उरतो, आणि त्याचा खर्च किरकोळ निघतो.

म्हणूनच माझा भर परिशिष्टाच्या वसुलीच्या कलमांपेक्षा तिसऱ्या, चौथ्या आणि अकराव्या कलमावर असतो. त्यांत अनुक्रमे प्रतिबंधक उपाय, आणीबाणीचा आराखडा आणि विमा अथवा अन्य आर्थिक हमी यांची सक्ती आहे. खासगी ऑपरेटरच्या चुकीसाठी देश स्वतः जबाबदार ठरत नाही, पण आपल्या अधिकारात असलेले कायदे करून ते राबवले असतील तरच, असे दहावे कलम म्हणते. आपल्या उदाहरणातील परका देश उद्या भारताकडे बोट दाखवेल, तेव्हा भारताला त्या कंपनीच्या परवान्याची फाइल काढून दाखवावी लागेल. त्या फाइलीत हिमवाट साहेबांनी वर्णिलेली तसराळी, शोषक पट्ट्या आणि जादा नळ्या किती होत्या याची यादी असेल, तर बचाव होईल. बंदी आणि सक्तीचा असा उपयोग झाल्याचे उदाहरणही आहे. १ ऑगस्ट २०११ पासून अंटार्क्टिक पाण्यात जड इंधनतेल वापरण्यास व वाहून नेण्यास मनाई झाली, आणि त्या एका नियमाने संभाव्य गळतीचे स्वरूपच बदलले.

एक बारकावा लक्षात ठेवावा. परिशिष्टाची व्याख्या ते अंमलात आल्यानंतर घडलेल्या घटनांपुरतीच आहे, त्यामुळे ही दोन्ही जहाजे आपल्या प्रबंधात केवळ कल्पित कसोटी म्हणूनच येतील. मासेमारी जहाजेही त्याच्या कक्षेत बहुतांशी नाहीत. लघुप्रबंधाचा आराखडा तयार झाल्यावर येथेच टाकावा, न्यायाधिकाराच्या प्रकरणावर मी अवश्य नजर टाकेन.